मेक्सिकोचा पाहुणा आणि खान्देशचं ऊन

घरात माशांची काचेची टाकी असली, की शेजारची मुलं येता-जाता डोकावतातच. माझ्या टाकीपुढे उभं राहून मुलं हल्ली एकच प्रश्न विचारतात, "काका, तुमच्याकडे अ‍ॅक्सोलॉटल का नाही?" २०२१ साली 'माइनक्राफ्ट' या संगणकीय खेळात हा प्राणी आला आणि मुलांच्या तोंडी त्याचं नाव बसलं. गुलाबी अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, आणि सदैव हसल्यासारखा चेहरा. मुलांना तो हवासा वाटला, तर नवल नाही. पण आपल्या जळगाव-धुळ्याच्या घरात तो निरोगी राहील का, हे आधी पाहिलं पाहिजे.

हा मासा नव्हे. तो बेडकासारखा उभयचर, सॅलॅमॅंडर कुळातला. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले टाकून जमिनीवर येतं. अ‍ॅक्सोलॉटल मात्र जन्मभर कल्ल्यांसह पाण्यातच राहतो आणि तशाच अवस्थेत प्रजननही करतो. पाय तुटला तर तो पुन्हा उगवतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचं मोठं कौतुक. प्रयोगशाळांमधून जगभर त्याची पैदास झाली, पण मूळ घरी तो नामशेष होण्याच्या काठावर आहे.

ते मूळ घर म्हणजे मेक्सिको शहराजवळचं सोचिमिल्कोचं सरोवर आणि त्याचे कालवे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २२४० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षाही उंचावर या प्राण्याचं पाणी आहे. जळगाव जेमतेम दोनशे मीटरवर. सारा प्रश्न इथे आहे.

अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २० पर्यंत चालतं. २४ च्या पुढे पाणी काही दिवस राहिलं, की तो खाणं सोडतो, कल्ले आक्रसतात, अंगावर कापसासारखी बुरशी धरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. घरात सावलीला ठेवलेल्या माझ्या टाकीतलं पाणीही दुपारी ३२-३३ अंशांवर जातं.

पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम घडतात. एक, त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. आणि दुसरी, त्याच वेळी प्राण्याची प्राणवायूची गरज वाढते. शिवाय त्याच्या विष्ठेतून पाण्यात येणारा अमोनिया उष्ण पाण्यात अधिक विषारी होतो.

मग पंखा लावला तर? इथे आपला माठ आठवावा. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर हेच होतं. खान्देशची हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. पण ३३ चं २९ झालं, १८ नाही. आणि पावसाळ्यात हवा दमट झाली, की माठ गार होत नाही, तसाच पंख्याचाही उपयोग कमी होतो. बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर तापमान वर-खाली होत राहतं, तेही बाधतं. तेव्हा उपाय दोनच: टाकीचं पाणी गार करणारं विजेचं यंत्र, म्हणजे चिलर, किंवा रात्रंदिवस एसी चालणारी खोली. शिवाय वीज गेली तर काय, याचीही तजवीज हवी.

थंडीत मात्र पाणी आपोआप गार असतं. डिसेंबरात आणलेला प्राणी छान रमतो आणि घरच्यांना वाटतं, जमलं. परीक्षा मार्चपासून सुरू होते. हा प्राणी दहा-पंधरा वर्षं जगू शकतो, म्हणजे तितके उन्हाळे मोजायचे.

ज्यांना एवढी सोय करता येईल, त्यांच्यासाठी बाकीचं पथ्य सोपं आहे. एका प्राण्याला निदान पाऊणशे लिटरची, लांबट टाकी घ्यावी. प्राणी आणण्याआधी चार ते सहा आठवडे फिल्टर चालवून, पाण्यात किंचित अमोनिया घालून, टाकी तयार करावी. या काळात फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार समजावी. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारे थेंब मिळतात, ते वापरावेत. बोअरचं जड पाणी या प्राण्याला सहसा चालतं, हा एक दिलासा.

तळाला खडी नको. तो तोंड उघडून भक्ष्य ओढून घेतो, त्याबरोबर खडा पोटात जातो आणि आतडं तुंबतं. बारीक वाळू किंवा मोकळी काच बरी. त्याला पापण्या नाहीत, म्हणून उजेड मंद ठेवावा आणि लपायला कड घासलेलं कौल ठेवावं. वयात आलेल्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीनदा गांडुळं पुरतात. पण ती फवारणी केलेल्या केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातली नसावीत. याची त्वचा पाण्यातली द्रव्यं शोषून घेते. त्यामुळे माशांची औषधं पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय टाकीत टाकू नयेत. सोबतीला मासेही नकोत, ते कल्ले कुरतडतात.

कायद्याचंही पाहावं लागतं. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या 'साइटिस' यादीत हा प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांनुसार ती 'परिवेश' पोर्टलवर करायची असते. विक्रेत्याकडून कागदपत्रं घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. आणि सांभाळणं जमेना म्हणून मेहरूण तलावात किंवा तापी-पांझरेत सोडणं, हा सुटकेचा मार्ग नव्हे. तो तिथे उन्हाने मरेल, आणि मरण्याआधी इथल्या बेडकांना एखादा रोग देऊन जाईल.

ज्यांना चिलर परवडत नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. गप्पी आणि मॉली हे मासे आपलं जड पाणी आणि २४ ते २८ अंशांचं तापमान आनंदाने सोसतात. मे महिन्यात त्यांनाही हवेचा पंप आणि पंखा द्यावा लागतो, पण तेवढ्यावर ते निभावतात.

तरीही अ‍ॅक्सोलॉटलच हवा असेल, तर आधी फक्त टाकी, फिल्टर, चिलर आणि एक थर्मामीटर आणा. एप्रिल-मे हे दोन महिने टाकीत प्राणी न ठेवता ती चालवा. रोज दुपारी तीन वाजता तापमान वहीत लिहा. दोन महिन्यांत एकदाही आकडा २० च्या वर गेला नाही, तर पाहुण्याला जरूर बोलवा. गेला, तर त्याला चित्रातच हसू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)