समुद्रावरचा कचरा आणि आपला नाला

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या. विषय मुंबईच्या समुद्राचा आहे. नांदगाव पेठच्या होस्टेलला त्याचं काय, असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

गेल्या दिवाळीत वर्सोव्याला मावशीकडे गेले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने ८४ वर्षांच्या शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली, तो हाच किनारा. हळूहळू लोक जमले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा पुरस्कार दिला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली.

पण साफ केलेला किनारा पुन्हा भरतो! आपण म्हणतो, फिरायला येणारे लोक घाण करतात. भेळेचे कागद त्यांचेच, मान्य. पण मला वाळूत दिसली शाम्पूची पाकिटं, तुटक्या चपला, औषधांच्या बाटल्या. समुद्रावर केस धुवायला कोण येतं? हा माल नाल्यातून येतो. नाल्याकाठी गुपचूप टाकलेला कचरा पावसात खाडीत जातो. हलकं प्लास्टिक तरंगतं, भरतीसोबत किनाऱ्यावर येतं; ओहोटीला पाणी परत जातं, कचरा तिथेच राहतो. पावसाळ्यात वाराही किनाऱ्याकडेच वाहतो, म्हणून तेव्हा जास्त. वर वाळू बसली की पिशवी उपसणं कठीण. मी एक ओढून पाहिली, फाटली. म्हणूनच शाह यांची मंडळी पुढे मिठी नदीवरही काम करू लागली.

आता आपला नकाशा बघा. वलगावची पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला आणि तापी सुरतजवळ समुद्राला. मध्ये हतनूर, उकाई ही धरणं आहेत, बरंचसं तिथेच अडकत असेल. म्हणजे समुद्राऐवजी दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात.

होस्टेलमागच्या नाल्यात खिडकीतून बिस्किटांचे पुडे फेकणाऱ्यांत मीही होते. परत आल्यावर रूममेटला म्हटलं, नाला साफ करू. ती म्हणाली, “येडी झाली का वं तू?” पण आली. दोन रविवारांत सहा पोती निघाली. निम्मं उरलेलं जेवण. ते वेगळं ठेवलं असतं तर खत झालं असतं. प्लास्टिकला खरकटं चिकटलं की भंगारवालाही घेत नाही.

पोती सध्या मागच्या गेटजवळ आहेत. घंटागाडी पुढच्या गेटलाच येते. ट्रॉली मिळेल का, असं रेक्टर सरांना विचारलंय. मृगाच्या आधी मिळायला पाहिजे, नाही तर पहिल्याच पावसात सगळं परत नाल्यात.