नातवंडांचा देता हात

पाहुण्यांच्या मुलाने नातवाची मोटार मागितली, की आपण सहज म्हणून जातो, "दे रे बाळा, तू मोठा ना!" तो देत नसेल, तर हातातून काढूनही घेतो. पाहुण्यांपुढे आपली लाज राखली जाते. नातवाच्या पदरी मात्र वस्तू हिसकावली गेल्याचाच अनुभव पडतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना आपला स्टिकर स्वतःजवळ ठेवावा की उदास बाहुलीला द्यावा, हे ठरवू दिले. काहींना तो द्यायलाच लावला. पुढे दुसऱ्या बाहुलीची वेळ आली, तेव्हा आधी स्वतः ठरवून देणाऱ्यांनी अधिक स्टिकर दिले.

म्हणून पाहुणे येण्यापूर्वीच नातवाला विचारावे, कोणती खेळणी बाहेर ठेवायची आणि कोणती कपाटात? लाडके खेळणे त्याने लपवले, तर लपवू द्यावे. (आपण तरी आपली आरामखुर्ची कुठे सहजी सोडतो?) दिवाळीत शेजारी फराळाचे ताट द्यायचे असेल, तर त्यात करंज्या किती, लाडू किती, हेही त्यालाच ठरवू द्यावे.

आणि घेणाऱ्यालाही घेता आले पाहिजे. नात आपल्या बशीतला लाडू आपल्या तोंडाशी धरते, तेव्हा "मला साखर चालत नाही" म्हणून तो हात दूर सारू नये. मधुमेहाच्या पथ्यात बसत असेल, तर कणभर जिभेवर ठेवावा. नसेल बसत, तर लाडू हातात घ्यावा, तिला जवळ ओढावे आणि विचारावे, "आजीच्या वाट्याचा हा लाडू आता आपण दोघी कोणाला देऊ या?"