दलित स्त्रियांची शिक्षण चळवळ, नागपूर

नागपूर व परिसरातील दलित स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतः शिकण्यासाठी व आपल्या समाजातील मुलींना शिकविण्यासाठी केलेले प्रयत्न. महाराष्ट्रात या विचाराची मुळे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळांत आढळतात. त्यांच्या शाळेतील मातंग समाजाची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये अस्पृश्यांच्या दुःस्थितीवर लिहिलेला निबंध ज्ञानोदय पत्रात प्रसिद्ध झाला.

विदर्भात ही परंपरा पुढे नेणाऱ्यांत जाईबाई चौधरी यांचे नाव अग्रगण्य आहे. १८९२ मध्ये उमरेड येथे महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९६ च्या दुष्काळामुळे कुटुंब नागपुरास आले. १९०१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. सासरच्या गरिबीमुळे त्या नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहण्याची मजुरी करीत. एका मिशनरी स्त्रीच्या साहाय्याने त्यांना मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली. परंतु त्यांची जात समजताच पालकांनी बहिष्काराचे शस्त्र उपसले आणि नोकरी गेली. तथापि शिकविण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढली.

अशा कार्याला पोषक वातावरण किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांच्या वृत्तपत्रीय व सामाजिक कार्याने निर्माण केले होते. त्यांच्या पत्नी तुळसाबाई छापखान्याच्या कामात त्यांना साहाय्य करीत. केवळ शिक्षणाने सामाजिक विषमता आपोआप दूर होत नाही, हेही लवकरच प्रत्ययास आले. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जाईबाईंना भोजनप्रसंगी वेगळे बसविण्यात आले. या अपमानाचा दलित स्त्रियांनी जाहीर निषेध केला. त्यामुळे स्वतंत्र संघटनेची निकड अधिक स्पष्ट झाली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तिला हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वास विरोध, स्त्री-कामगारांच्या सोयी व मुलींचे शिक्षण यांविषयी परिषदेत ठराव झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे मुलांच्या शिक्षणाचा व स्वच्छ राहणीचा आग्रह धरला.

या प्रयत्नांशी अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या इतिहासाची तुलना उद्बोधक ठरते. तेथील दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना शिकविणे हाच गुन्हा होता. दक्षिण कॅरोलिनातील असा कायदा १७४० चा आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या मातापित्यांची कन्या मेरी मॅक्लाउड बेथून (१८७५–१९५५) यांनी १९०४ मध्ये फ्लॉरिडात पाच मुलींसह शाळा सुरू केली. तेथे आरंभी कायदा आडवा आला, तर येथे कायद्याची आडकाठी नसतानाही रूढी व बहिष्कार आडवे आले. जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे.

पुढील पिढीत नागपूरच्या कुमुद पावडे (१९३८–२०२३) यांनी दलित स्त्री म्हणून संस्कृतचे उच्च शिक्षण घेऊन त्या भाषेचे अध्यापन केले. अंतःस्फोट (१९८१) या त्यांच्या आत्मकथनात या वाटचालीतील अडथळ्यांचे चित्रण आले आहे. ओझी वाहणाऱ्या जाईबाईंपासून संस्कृतच्या प्राध्यापिकेपर्यंतचा हा प्रवास सुमारे अर्धशतकात घडला. अक्षरज्ञान हे पोट भरण्याचे साधन तर होतेच. परंतु अपमानाला उत्तर देण्याचे बळही त्यातूनच आले, हे या चळवळीचे वैशिष्ट्य होय.