लाल पाकिटातील पैसा

लग्नघरी आहेर करताना आपण पाकिटात एकशे एक किंवा पाचशे एक रुपये घालतो. बाजारात मिळणाऱ्या पाकिटावर तर एक रुपयाचे नाणे आधीच चिकटवलेले असते. हा वरचा एक रुपया कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? शून्यावर संपणारी रक्कम दिली की हिशेब मिटला. एक रुपया वर ठेवला की देणेघेणे पुढे चालू राहते, असे जुनी माणसे सांगत. एका रुपयाने रक्कम फारशी वाढत नाही, पण तिचा अर्थ पालटतो. पैशाला असा अर्थ देण्याच्या रीती अनेक समाजांत आहेत. चिनी समाजातील लाल पाकीट ही त्यांपैकीच एक. ती पाहण्यासाठी चीनपर्यंत जाण्याची गरज नाही; कोलकात्याला गेले तरी पुरते.

सियालदह स्थानकातून बाहेर पडावे आणि पूर्वीच्या बहूबाजार रस्त्याने, म्हणजे आजच्या बिपिन बिहारी गांगुली रस्त्याने, पश्चिमेकडे चालू लागावे. सुमारे दोन किलोमीटरवर लालबाजारचे पोलीस मुख्यालय लागते. तेथून जवळच टिरेटा बाजार आहे. एदुआर्दो तिरेत्ता या इटालियन गृहस्थाच्या नावावरून या वस्तीला हे नाव पडले. येथे पहाटे रस्त्याच्या कडेला वाफाळलेले चिनी पदार्थ विकायला ठेवलेले दिसतात. गल्लीबोळांत चिनी देवळे आहेत. त्यांना तेथील लोक ‘चर्च’ म्हणतात, ही एक गंमतच. सियालदहच्या आग्नेयेला टांगरा ही दुसरी वस्ती. तेथे हक्का चिनी लोकांनी चामडे कमावण्याचा धंदा नावारूपाला आणला. कँटनकडचे लोक सुतारकामात निष्णात, हुपे प्रांतातून आलेले दंतवैद्यकात. अशी ही कष्टाळू मंडळी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या शहरात राहत आली आहेत.

चिनी नववर्ष चांद्र पंचांगाप्रमाणे येते. आपल्याकडे पौष संपून माघ लागतो, बहुधा त्याच सुमारास. एखाद्या वर्षी महिनाभर पुढे. त्या दिवशी मुले घरातील वडीलधाऱ्यांना अभिवादन करतात आणि वडीलधारी माणसे त्यांच्या हाती एक लहानसे लाल पाकीट देतात. उत्तरेकडील चिनी भाषेत त्याला ‘होंगबाओ’ म्हणतात. ‘होंग’ म्हणजे लाल, ‘बाओ’ म्हणजे पुडके किंवा वेष्टन. कँटनच्या बोलीत त्याला ‘लायसी’ असे नाव आहे. या नावांत पैशाचा उल्लेख कोठेच नाही, हे ध्यानात घ्या. पहिल्या नावात तर केवळ वेष्टनच आहे.

ही रीत आली कोठून? तिचे एक जुने नाव ‘यासुइच्यान’ असे आहे. त्याचा अर्थ ‘सुइ’ला दाबून ठेवणारा पैसा. लोककथा अशी, की सुइ नावाचे एक भूत वर्षाच्या अखेरच्या रात्री येई आणि झोपलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावी. मूल तापाने फणफणे व त्याची बुद्धी भ्रष्ट होई. एका जोडप्याने आठ नाणी लाल कागदात गुंडाळून मुलाच्या उशीशी ठेवली. रात्री भूत आले, त्याने हात पुढे केला, तोच नाण्यांतून लखकन प्रकाश निघाला आणि ते पळाले. नवल असे, की चिनी भाषेत ‘सुइ’ याच उच्चाराचा दुसरा शब्द ‘वर्ष’ या अर्थाचा आहे. त्यामुळे हा पैसा भुताला दाबतो तसा वर्षालाही, म्हणजे वाढत्या वयालाही, आवर घालतो असा अर्थ त्यातून निघतो. कथा कथा म्हणूनच घ्यावी. पण हान राजवटीच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपासून, चीनमध्ये व्यवहारात न चालणारी, केवळ अरिष्टनिवारणासाठी बाळगायची नाणी पाडली जात, ही गोष्ट इतिहासाला ठाऊक आहे. पुढे चौकोनी छिद्राची चलनी नाणी लाल दोऱ्यात ओवून मुलांना देत. छापील पाकीट त्या मानाने अलीकडचे, विसाव्या शतकातील. आपल्याकडे लहान मुलाच्या गळ्यात ताईत बांधतात, त्याची दृष्ट काढतात. पैसा येथे प्रथम ताईत होता. खर्चायचा पैसा तो नंतर झाला.

आता देण्याघेण्याचे नियम पाहा. नोटा शक्यतो कोऱ्या असाव्यात. पाकीट दोन्ही हातांनी द्यावे आणि दोन्ही हातांनीच घ्यावे. देणाऱ्यासमोर ते उघडू नये. रक्कम सम असावी, कारण मंगल गोष्टी जोडीने याव्यात अशी भावना आहे. मात्र चारचा आकडा वर्ज्य, कारण त्याचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाच्या उच्चाराशी मिळताजुळता आहे. आठचा आकडा आवडता, कारण त्याचा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो. विषम रक्कम आणि पांढरे पाकीट हे मृताच्या घरी द्यायचे. म्हणजे आपण ज्या विषम आकड्याने लग्नात शुभ चिंतितो, तोच तेथे शोकाचा ठरतो! कोणता आकडा शुभ हे त्या आकड्यात नसते, ते त्या त्या समाजाच्या मनात असते.

समोर न उघडण्याच्या नियमाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. आपल्याकडील अनेक लग्नांत मांडवाच्या एका कोपऱ्यात वही घेऊन कोणी तरी बसलेला असे. कोणाचा किती आहेर आला ते तो लिहून घेई, काही ठिकाणी मोठ्याने पुकारीतही असे. यात सोय होती, कारण उद्या तितकेच परत करायचे असे. पण ज्याच्याकडे द्यायला थोडे असे, त्याची मान त्या वहीपुढे खाली जाई. लाल पाकीट ही वही टाळते. श्रीमंत काकाचे आणि गरीब आत्याचे पाकीट बाहेरून सारखेच लाल दिसते. घरी गेल्यावर तुलना होतच नाही असे मुळीच नाही. माणसे सगळीकडे सारखीच! तरीही त्या एका क्षणापुरता तरी पैसा आशीर्वादाच्या मागे उभा राहतो.

पाकीट सामान्यतः थोराकडून लहानाकडे जाते. मात्र थोरपण येथे वयापेक्षा विवाहाने ठरते. लग्न झालेल्यांनी द्यायचे, अविवाहितांनी घ्यायचे, असा कँटनकडील संकेत आहे. मालक नोकरांना पाकीट देतो, जशी आपल्याकडे दिवाळीची पोस्त देतात. आणि मुले कमावती झाली, की प्रवाह उलटतो. तीच मुले म्हाताऱ्या आईवडिलांच्या हाती लाल पाकीट ठेवतात. एके काळी जो हात घेत होता, तो आता देतो.

नववर्षात टिरेटा बाजार व टांगरा येथे ढोल-झांजांच्या गजरात सिंहनृत्य निघते. कापडी सिंहाच्या आत दोन तरुण असतात. घराच्या किंवा दुकानाच्या दारावर उंच लाल पाकीट आणि हिरवी पालेभाजी टांगलेली असते. सिंह मागच्या पायांवर उभा राहून ती तोंडात घेतो, पाने फाडून उधळतो आणि पाकीट ठेवून घेतो. भाजीसाठी असलेला चिनी शब्द ‘धन’ या शब्दासारखा ऐकू येतो. म्हणून पाने उधळणे म्हणजे धन उधळणे.

पण या दारांची संख्या घटली आहे. 1962 साली भारत-चीन युद्ध झाले आणि येथेच जन्मलेल्या चिनी वंशाच्या नागरिकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आसाम, उत्तर बंगाल आदी भागांतील सुमारे तीन हजार माणसांना, त्यांत बायका आणि लहान मुलेही होती, आगगाडीने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. काहींची सुटका व्हायला कित्येक वर्षे लागली. कोलकात्यातील चिनी कुटुंबांवरही निर्बंध आले. त्यानंतर अनेकांनी देश सोडला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांगऱ्यातील चामड्याचे कारखाने हलविण्याचा आदेश दिला, तेव्हा पोटाचा धंदाही हातातून निसटला. तरुण मंडळी कॅनडासारख्या देशांत गेली. नववर्षाच्या दिवशी पाकिटे देणारे हात घरात आहेत, घेणारे समुद्रापार आहेत, अशी स्थिती अनेक घरांत आली.

2014 पासून चीनमध्ये वीचॅट या मोबाईल सेवेवरून लाल पाकीट पाठविण्याची सोय झाली आणि ती अफाट लोकप्रिय ठरली. परंतु सीमेवरील तणावानंतर भारत सरकारने जून 2020 मध्ये बंदी घातलेल्या 59 चिनी सेवांत वीचॅटही होती. कोलकात्यातील आजीला ही वाट बंदच आहे. शिवाय दोन्ही हातांनी द्यावयाचे पाकीट अंगठ्याने कसे द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

परदेशी गेलेल्यांपैकी काही जण नववर्षाला कोलकात्यास परत येतात. त्यांतले कित्येक अछीपूरलाही जातात. सियालदहच्या दक्षिण विभागातून बजबजची लोकल सुटते. बजबजच्या पुढे हुगळीच्या काठी हे गाव आहे. तोंग अछ्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात येथे जमीन मिळाली. त्याने साखरेचा कारखाना काढला, त्यासाठी चिनी मजूर आणले आणि थोड्याच वर्षांत, 1783 मध्ये, तो वारला. कारखाना बंद पडला, मजूर कोलकात्याकडे वळले. अछ्यूच्या नावावरून गावाला अछीपूर हे नाव मिळाले. नदीकाठी घोड्याच्या नालेच्या आकाराची त्याची लाल समाधी आहे. नववर्षानंतरच्या दिवसांत लोक तेथे मेणबत्त्या व उदबत्त्या लावतात, फळे ठेवतात आणि पूर्वजांना परलोकात पोहोचावा म्हणून कागदी पैसा जाळतात. त्यांतील बहुतेकांचे अछ्यूशी रक्ताचे नाते नाही. तरी वर्षातून एकदा ते त्याचे देणे देऊन येतात.