अन्ननलिकेचा कर्करोग आणि आजारी यकृत : ऑपरेशन कोणाचे करायचे?

आज एक अवघड प्रश्न घेऊया. समजा, आमगावकडचा ५५ वर्षांचा एक शेतकरी आहे. आधी पोळीचा घास छातीत अडकायचा, आता भातसुद्धा पाण्यासोबत उतरवावा लागतो. दुर्बिणीतून तपासलं तर अन्ननलिकेत गाठ, आणि सोनोग्राफीत यकृत आक्रसलेलं, म्हणजे सिरॉसिस. घरचे विचारतात, "डॉक्टर, गाठ काढून टाका ना!"

हे दोन आजार एकत्र येणं निव्वळ योगायोग नसतो. आपल्या गोंदिया भागात खर्रा आहे, बिडी आहे, मोहाची दारू आहे. दारू आणि तंबाखू मिळून अन्ननलिकेला धोका वाढवतात, आणि तीच दारू यकृतही खराब करते.

आता ऑपरेशन काय असतं बघा. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. तिचा बराचसा भाग काढून जठराची नळी बनवतात आणि ती वर छातीत किंवा मानेत नेऊन जोडतात. ही नळी मुख्यतः एकाच धमनीच्या रक्तावर जगते. सिरॉसिसमध्ये यकृताकडे जाणारं रक्त तुंबतं, जठराभोवतीच्या शिरा फुगतात. मग रक्तस्राव जास्त होतो आणि नळीच्या टोकाला रक्त नीट खेळत नाही. अल्ब्युमिन कमी असेल तर जखम भरायला वेळ लागतो. सांधा गळला तर जंतुसंसर्ग होतो, आणि थकलेलं यकृत तो धक्का सोसू शकत नाही.

म्हणून आधी यकृताची ताकद मोजायची. त्यासाठी चाइल्ड-पू गुणांकन वापरतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि शुद्धीवरचा परिणाम, अशा पाच गोष्टींना १ ते ३ गुण. एकूण ५-६ म्हणजे 'ए', ७ ते ९ 'बी', १० ते १५ 'सी'. गंमत म्हणजे १९७३ साली हे गुणांकन आलं तेच यकृताच्या रुग्णांवरच्या अन्ननलिकेच्या ऑपरेशनासंबंधीच्या लेखातून! फक्त तिथे प्रश्न कर्करोगाचा नव्हता, फुटणाऱ्या शिरांचा होता.

'ए' गटात, शिरा फार फुगलेल्या नसतील तर, अनुभवी केंद्रात ऑपरेशनचा विचार होतो. 'बी'मध्ये फार निवडून. 'सी'मध्ये सहसा नाहीच. आणि लक्षात ठेवा, एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे यकृत ठीक, असं नसतं. सिरॉसिसमध्येही ते नॉर्मल येऊ शकतं.

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही, असंही नाही. गाठ अगदी वरच्या थरात असेल तर दुर्बिणीतूनच काढता येते. पसरलेली नसेल तर रेडिएशन, आणि यकृताला झेपेल तेवढी केमोथेरपी. आजार पुढे गेला असेल तर स्टेंट टाकून निदान घास तरी खाली उतरतो.

शेवटी घरच्यांना एक विनंती. नागपूरला दाखवा, नाहीतर विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जा, पण दारूचं खरं सांगा. "कधीमधी घेतात" म्हणून लपवलं, तर भरती झाल्यावर दोन-तीन दिवसांत दारू तुटल्याने रुग्ण बरळायला लागतो, हातपाय कापतात, आणि नेमका तोच काळ ऑपरेशननंतरचा असतो. आधी कळलं तर औषधं देऊन हे टाळता येतं. लाज बाजूला ठेवा. आणि डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : "यकृत कोणत्या गटात आहे?"