हॅरी पॉटरमध्ये सैतान आला कुठून?

जुलै २००० मध्ये ‘द अनियन’ या अमेरिकी विडंबनपत्राने एक बनावट बातमी छापली. हॅरी पॉटर वाचून मुलं सैतानाच्या भजनी लागली आहेत, सैतानपूजक १ कोटी ४० लाखांवर गेले आहेत! आकडा रचलेला, मुलांच्या तोंडची वाक्यंही रचलेली. थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. ती बातमी ईमेलमधून फिरू लागली, विडंबनाची खूण वाटेत गळून गेली आणि धास्तावलेले श्रद्धाळू पालक ती पुरावा म्हणून एकमेकांना पाठवू लागले. खरं काय नि कल्पित काय हे मुलांना कळणार नाही, ही त्यांचीच भीती होती.

भीती ईमेलपुरती राहिली नाही. ३० डिसेंबर २००१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावात एका चर्चबाहेर या पुस्तकांची होळी झाली. ती पेटवणाऱ्या पाद्र्यांनी पुस्तकं वाचलेली नव्हती. तसं त्यांनीच सांगितलं. आर्कान्सातल्या सीडरव्हिलच्या शाळांत पालकांची चिठ्ठी असल्याशिवाय ही पुस्तकं मिळेनात. अखेर २००३ मध्ये कोर्टाने ती पुन्हा खुल्या कपाटात ठेवायला लावली. तरीही २०१९ मध्ये नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेतून ती हटवली गेली. पुस्तकातले मंत्र खरे आहेत, ते वाचले तर दुष्ट शक्ती येतील, असं तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं होतं.

मग हे मंत्र असतात तरी कसे? पहिल्या भागातला पीस उडवण्याचा तास आठवा. हॅरीचा मित्र रॉन छडी फिरवून दमतो, पीस जागचं हलत नाही. त्यांची वर्गमैत्रीण हर्मायनी त्याला मंत्रातला ‘गार’ नीट लांबवून म्हणायला सांगते आणि स्वतः ते उडवून दाखवते. कुणाचा धावा नाही, नवस नाही, आत्म्याला बोलावणं नाही. मोडक्यातोडक्या लॅटिनचे शब्द, मनगटाचा झटका आणि सराव, एवढंच. भुताखेतांपेक्षा हा तास मला संस्कृतच्या तासाच्या जवळचा वाटतो.

सर्वांत मोठं नवल मात्र सातव्या भागात आहे. नाताळच्या आदल्या रात्री हॅरी चर्चमागच्या दफनभूमीत आईवडिलांचं थडगं शोधतो. त्या दगडावर कोरलेली ओळ बायबलमधली आहे, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायातली. हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर यांच्या आई-बहिणीच्या थडग्यावरची ओळ मत्तयच्या शुभवर्तमानातली. पुस्तक हाताशी असेल, तर सोळावं प्रकरण उघडून या दोन्ही ओळी स्वतः वाचा.