नाण्यावरचं आजोळ

राजाराणीचं चित्र म्हटलं की भिंतीवरची भलीमोठी तसबीर आठवते ना? पण आपल्या देशातलं एक राजाराणीचं चित्र जेमतेम २ सेंटिमीटरच्या सोन्याच्या नाण्यावर मावलं आहे! ते आहे गुप्त सम्राट पहिला चंद्रगुप्त आणि राणी कुमारदेवी यांचं. काळ, इसवी सनाचं चौथं शतक.

नाणं नीट पाहू या. राजाच्या अंगात घट्ट अंगरखा आणि विजार. एका हातात चंद्रकोर बसवलेला ध्वजदंड, ही सत्तेची खूण. दुसऱ्या हाताने तो राणीला काहीतरी देतो आहे. काही नाण्यांवर ती अंगठी असल्याचं स्पष्ट दिसतं. राणी मागे नाही, पायाशीही नाही. ती राजासमोर उभी आहे. ब्राह्मी लिपीत दोघांचीही नावं आहेत.

राणीला एवढा मान का? नाणं उलटा, उत्तर मिळेल. तिथे सिंहावर बसलेली देवी आणि शब्द आहे 'लिच्छवयः', म्हणजे लिच्छवी लोक. वैशालीचं हे जुनं, नामांकित कुळ म्हणजे कुमारदेवीचं माहेर. गुप्त घराणं तेव्हा नुकतंच वर येत होतं. या सोयरिकीने त्याचं वजन वाढलं.

त्यांचा मुलगा समुद्रगुप्त केवढा पराक्रमी! तरी प्रयागच्या स्तंभलेखात त्याची एक ओळख आहे 'लिच्छवि-दौहित्र', म्हणजे लिच्छवींच्या लेकीचा मुलगा.

राजांच्या वंशावळीत बहुधा बापामागून मुलगा, एवढंच असतं. यापुढे वंशावळ वाचताना विचारा: आणि आई कोण?